बिन्यामिनच्या वाट्याचा पिवळा

झोपायचं नाही, असं मी ठरवलंय. पाच वाजता याएल येणार आहे. टेबलावर नकाशा पसरलेला आहे, चारी कोपऱ्यांवर वाट्या पालथ्या घातल्यात, आणि मी खुर्चीत ताठ बसून त्याच्याकडे बघतेय. ऑक्टोबरातली दुपार. पंखा फिरतोय, पण हवा तीच ती. पापण्या जड होतात, मी उघडते, पुन्हा जड होतात. एकदा उघडून बघते तर नकाशातलं जहाज बोटभर पुढे सरकल्यासारखं वाटतं. कुमुद, उठ, तोंडावर पाणी मार, असं मी स्वतःला सांगते. उठत मात्र नाही.

अंगणात साखळी ओढल्याचा आवाज येतो.

तो आवाज मी ओळखते. जमीन मोजायची लोखंडी साखळी. कड्या एकमेकींवर आपटत फरशीवरून येतात. बेनूकाकांना जाऊन सात महिने झाले, तरी मला नवल वाटत नाही. वाटते ती धास्ती. नकाशा झाकायला हवा, एवढंच मनात येतं, आणि हात उचलत नाही.

बेनूकाका म्हणजे बिन्यामिन झिराडकर, आमच्याकडचे कोकणातले ज्यू. अलिबागच्या इस्रायल आळीत आमच्या भिंतीला लागून त्यांचं घर. सरकारी मोजणीदार म्हणून तेहेतीस वर्षं नोकरी. दिवसभर लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन, जिथे पाऊल टाकलं नाही त्या देशाचे नकाशे उघडून बसायचं. अब्राहामाचा मुलूख, मोशेची वाट, याकोबाच्या मुलांना मिळालेले बारा वाटे. दोनशे-चारशे वर्षांपूर्वीचे कागद, तांब्याच्या पत्र्यावरून छापलेले आणि छापून झाल्यावर कुणीतरी एकेक करून हातानं रंगवलेले. जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, फाटक्या बायबलांतून, परदेशी पत्रं पाठवून त्यांनी असे एकेचाळीस जमवले. रंगवणाऱ्यांचं त्यांना भारी कौतुक होतं. "छापणाऱ्याचं नाव कोपऱ्यात आहे, कुमे. रंग भरणाराचं कुठंच नाही," ते म्हणायचे. "हे बघ, इथं त्याचा हात थरथरलाय. थंडी असेल. नाहीतर भूक लागली असेल."

शाळेत असताना मी रोज संध्याकाळी त्यांच्या टेबलाशी उभी असायची. पुढे ड्रॉइंग टीचर झाले, ती तिथेच झाले असं म्हणायला हरकत नाही.

निवृत्तीनंतर मुलांनी त्यांना इस्रायलला, अश्दोदला नेलं. दोन महिन्यांत परत आले. सिप्पोराकाकी गेल्यावर तर मुलं कायमचं या म्हणून मागे लागली, पण ते गेले नाहीत. मला म्हणाले, "चांगला देश आहे. रस्ते झकास. पण नकाशातल्या त्या गुलाबी आशेरच्या वाट्यात उभा राहिलो आणि चहूकडे बघितलं. कुठंच गुलाबी नाही गं."

माणूस असा थट्टेखोर, पण एका गोष्टीत थट्टा चालायची नाही. नकाशात आपल्या हातची रेघ घालायची नाही. एकदा एका बड्या असामीनं बांध चार हात सरकवून दाखवा म्हणून सांगितलं. काकांनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांची पोलादपूरला बदली झाली. काकी तीन वर्षं मुलांना घेऊन इथे एकट्या राहिल्या. काका एवढंच म्हणायचे, "जमीन खोटी होत नाही, कागद खोटा होतो. कागद खोटा झाला की सात पिढ्या भांडतात."

आणि मी त्यांच्या सगळ्यात लाडक्या नकाशात रंग भरला.

चार वर्षांपूर्वी ते मोठं वादळ आलं, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. काचबिंदूनं त्यांची नजर तोवर जवळजवळ गेली होती. भिंत चाचपत, नकाशाचं नळकांडं काखेत धरून ते आमच्याकडे आले. "बारा वाट्यांचा आहे. तुझ्याकडे ठेव. तुझा स्लॅब आहे, माझ्या कौलांचा भरवसा नाही." मी नकाशा नळकांड्यातून काढून सपाट करून खिडकीखालच्या टेबलावर ठेवला. वादळात त्यांची सात कौलं उडाली, पण नकाशांच्या खोलीवरचं एकही हललं नाही. माझा स्लॅब तसाच राहिला आणि खिडकीची काच फुटली.

सकाळी बघितलं तर नकाशाच्या मध्यावर पाणी. यहूदाचा तांबडा आणि एफ्राईमचा हिरवा ओघळून मधल्या चिमुकल्या तुकड्यात शिरले होते. तो तुकडा बिन्यामिनचा, याकोबाच्या धाकट्या मुलाचा. काकांच्या नावाचा. मी टीपकागद लावला, कापसानं टिपलं, श्वास धरून दोन दिवस बसले. ओघळ निघाले. पण मधला तुकडा रिकामा राहिला. त्याचा रंग धुऊन गेला, असं मला वाटलं. कोणता होता ते काही केल्या आठवेना. कागदावर किंचित पिवळट झाक दिसत होती, म्हणून मी पिवळा भरला. पातळ, एकच हात. कुणाला कळलं नसतं इतका बेमालूम.

"पाणी आलं का गं तुझ्याकडे?" काकांनी विचारलं.

"नाही काका," मी म्हटलं.

नकाशा त्यांनी परत मागितला नाही. राहू दे तुझ्याकडेच, म्हणाले. पण दर शुक्रवारी, काळोख पडून त्यांचा विसाव्याचा शब्बाथ लागायच्या आधी मी त्यांच्याकडे जायची, तेव्हा ते विचारायचे, "माझा बिन्यामिन कोणत्या रंगाचा आहे?"

"पिवळा."

"कसा पिवळा?"

पिकत आलेल्या लिंबासारखा, मी सांगायची. पुढच्या शुक्रवारी सोनचाफ्यासारखा. कधी हळदीच्या पाण्यासारखा. दर वेळी मी नवं काहीतरी शोधून नेत होते. ते मान हलवायचे आणि विषय बदलायचे. असं तीन वर्षांहून जास्त चाललं. मार्चमध्ये ते गेले. मुलगे आले, दिवस केले, चाळीस नकाशे घेऊन गेले. हा एक राहिला, कारण काकांनी सांगून ठेवलं होतं की बारा वाट्यांचा नकाशा नात याएल हिनं स्वतः येऊन कुमुदच्या हातून घ्यायचा.

ती आज मांडव्याच्या बोटीनं येतेय. उद्या तिचं विमान आहे. मी तिला काहीच सांगणार नाहीये. हेही ठरवलंय.

साखळी उंबऱ्याशी थांबते.

काका चपला बाहेर काढून आत येतात. अंगात खाकी शर्ट, खिशाला दोन पेनं. डोळे स्वच्छ आहेत, नजर इकडेतिकडे चाचपडत नाही. ते बघू शकतात, हे माझ्या ध्यानात येतं. मी टेबलाच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहते.

"झोपलीस?"

"नाही."

"मग हे टोक धर. तुमचं घर मोजायचं राहून गेलं होतं."

साखळीचं टोक गार आहे. ते दुसरं टोक घेऊन मागे मागे जातात. दार ओलांडतात, ओटीवर जातात. ओटी दहा पावलांची, पण ते चालतच राहतात आणि साखळी उलगडतच राहते.

"किती भरलं?" मी ओरडते.

"अजून संपलं नाही. टोक सोडू नकोस."

मला टेबलापाशी परत जायचंय. पण टोक सोडता येत नाही. मी पुढे जाते. पायांखाली फरशी नाही, भाताचा बांध आहे. कापणीला आलेलं भात दोन्ही बाजूंना, आणि त्यापलीकडे डोंगर. ते डोंगर वारुळांएवढे, एका बाजूनं बारीक रेघा मारून सावली केलेले. मी त्यांना वळसा घालून जाते. पाय टाकला की खालून कागदासारखा आवाज येतो. पाऊल जोरात पडलं तर फाटेल, म्हणून मी टाचा उचलून चालते.

जमीन गुलाबी होते.

"आशेर," काका लांबून सांगतात. "आहे की नाही गुलाबी?"

गुलाबी जमिनीवर सिप्पोराकाकी बसल्यात. ताटात चिकाचा हलवा थापतायत, नव्या वर्षाला थापायच्या तशा. मी वाकते तर त्या वर बघत नाहीत, माझ्या हातांकडे बघतात.

"हात धुतलेस का?"

"धुतलेत काकी."

"मग हे काय?"

मी हात मागे घेते. बघत नाही. साखळीला हिसका बसतो आणि मला पुढे जावं लागतं.

साखळी एका जाळीच्या खिडकीतून आत गेलीय. मोजणीचं ऑफिस. भिंतीला ओल, कपाटांवर कापडात बांधलेले गठ्ठे. रांगेत मी एकटीच आहे, तरी माझा नंबर येत नाही. मी हातातला कागद घट्ट धरलाय आणि पाच वाजायच्या आत घरी पोचायचंय. घड्याळ कुठे दिसत नाही. खिडकीमागे काका बसलेत. चष्मा लावलाय, दौतीत टाक बुडवतायत. मला ओळख दाखवत नाहीत.

"धारकाचं नाव?"

"बिन्यामिन."

"हद्दी?"

"उत्तरेला एफ्राईम. दक्षिणेला यहूदा. पूर्वेला यार्देन नदी."

"पश्चिमेला?"

"दान."

"शहाणी आहेस. रंग?"

मी हातातला कागद उलटसुलट करते.

"रंगाचा रकाना भरल्याशिवाय कागद पुढे जायचा नाही, बाई."

मी पिवळा म्हणते. निदान म्हणायला जाते. तोंडातून निघतं, "लिंबासारखा."

"लिंबू पिकलं की हिरवं?"

"सोनचाफ्यासारखा."

"एक काय ते सांगा. मागे माणसं उभी आहेत."

मागे कुणी नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पाठीवर नजरा टोचतात. मला म्हणायचंय की काका, काच फुटली, मीच खिडकीखाली ठेवला होता. ते सांगायला मी जाळीला तोंड लावते आणि जाळीमागे फळा आहे.

शाळा. मी बाकावर बसलेय, वेण्यांना लाल रिबिनी, पाय जमिनीला पोचत नाहीत. म्हणजे मी बारा वर्षांची. शाळा आमची पण टेबल काकांच्या घरचं, आणि टेबलावर तो नकाशा. नवाकोरा. अजून पाणी लागलेलं नाही. मला इतका आनंद होतो की रडू येतं.

काका वाकून उभे आहेत. त्यांच्या अंगाला तेलाचा नि जुन्या कागदाचा वास.

"मोज."

"काय मोजू?"

"रंगाचे तुकडे मोज. बोट लावू नकोस, नुसतं दाखव."

मी वरून सुरू करते. आशेर, नफताली, जबुलून, इस्साखार. मनश्शे नदीच्या दोन्ही बाजूंना, तो एकच धरायचा. एफ्राईम. दान. यहूदा, शिमोन. पलीकडे गाद आणि रऊबेन.

"अकरा."

"पुन्हा."

पुन्हा अकराच.

"याकोबाला मुलगे किती?"

"बारा."

"मग?"

माझं बोट हवेत थांबतं. एफ्राईमच्या हिरव्याखाली, यहूदाच्या तांबड्यावर, करंगळीच्या नखाएवढी जागा. तिथं नाव छापलंय, डोंगरांची दोन वारुळं आहेत, आणि बाकी कागद. कोरा कागद.

"हा राहिला," मी म्हणते.

काका हसतात. असे ते खरंच हसले होते, मी बारा वर्षांची असताना, त्यांच्या घरी, आणि मला आत्ता, या बाकावर बसल्या बसल्या ते आठवतं. "धाकट्याच्या वाट्याला रंग पुरला नाही बघ. नाहीतर रंगवणाराला जेवायला हाक आली असेल. चारशे वर्षं झाली, अजून जेवतोय."

मी बोट मागे घेते.

कोरा होता. काहीच धुऊन गेलं नव्हतं. दर शुक्रवारी मी त्या माणसाला पिवळा सांगत होते. पहिल्याच शुक्रवारी त्यांना कळलं असणार.

"काका," मी हाक मारते.

टेबलाशी कुणी नाही. खिडकीबाहेर समुद्र आहे, ओहोटीचा, आणि काका किल्ल्याच्या दिशेनं चाललेत. खांद्यावर साखळीची गुंडाळी. मी धावत सुटते. ओली वाळू, खडक, शिंपल्यांची कच. मी पुन्हा माझ्या वयाची झालेय, गुडघे दुखतात. ते सावकाश चालतात आणि मी पळते, तरी अंतर तेवढंच राहतं.

"काका, भरती येईल! मागे फिरा!"

"येऊ दे."

पाणी घोट्याला लागतं. आधी पाण्यासारखंच असतं, मग त्यात तांबड्या रंगाची तार येते, मग हिरव्याची. मला ते रंग ओळखीचे आहेत. टीपकागदावर उतरलेले तेच ते रंग. पाणी पोटऱ्यांपर्यंत येतं. दूरवर, नकाशात जहाजाशेजारी काढलेला माकडतोंडी मासा पाठ वर काढून बुडतो. मी साडी वर धरून ओरडते,

"मी भिजवला! खिडकीखाली ठेवला होता! पाणी आलं होतं काका, मी खोटं बोलले!"

ते थांबतात. वळतात.

"केवढ्यानं ओरडतेस. ऐकू येतं मला."

"आणि रंगही मीच भरला."

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं."

"दर शुक्रवारी विचारत होतो की."

"मग बोलला का नाहीत?"

"तेच तर, विचारत होतो." त्यांच्या आवाजात राग नाही. चांगलं मोजून झाल्यावर वही मिटताना असायचा तसा तो थकलेला आवाज. "पहिल्यांदा राग आला होता. नाही कशाला म्हणू? नकाशात दुसऱ्याच्या हातची रेघ. आठवडाभर जेवण गेलं नाही. पुढच्या शुक्रवारी तू सोनचाफा सांगितलंस."

पाणी मांडीला लागलंय. काकांच्या दोन्ही हातांवर नकाशा आडवा पसरलाय, ताटासारखा. लाटा त्याच्या कडेला येऊन परत जातात.

"मी पुसून टाकते," मी म्हणते. "आत्ता निघेल. फार जाड नाही भरलेला."

"घाई काय आहे?"

"ती पाच वाजता येतेय!"

"येऊ दे ना. बसेल, पाणी पिईल."

पण मला थांबवत नाही. चार वर्षं थांबले तेवढं पुरे झालं. मी अंगठा जिभेला लावते, ओला करते आणि त्या नखाएवढ्या जागेवर घासते. रंग सुटतो. पुन्हा थुंकी, पुन्हा घासते, हलके हलके, खालचं नाव जाऊ नये म्हणून. मी वर बघत नाही. अजून थोडं, एवढा कोपरा, झालंच. कागद वर येतो, जुना, कोरा. मी त्यांना दाखवायला मान वर करते आणि लाट तोंडावर येते.

खुर्ची करकरते.

पंखा. टेबल. माझी मान एका बाजूला लचकलेली, गाल दंडावर, आणि दंडाखाली टेबलाची कडा. भिंतीवरचं घड्याळ पाचला दहा कमी दाखवतंय. जिभेवर कडूजहर चव आहे. आधी वाटतं, दुपारची झोप, पित्त झालं असेल.

मग मी माझा उजवा हात बघते. अंगठा नखापासून पेरापर्यंत पिवळा झालाय.

नकाशावरची एक वाटी कलंडलीय. मध्यावर, एफ्राईमच्या खाली, यहूदाच्या वर, नखाएवढा कागद ओला आहे. त्याच्यावर नाव आहे, दोन डोंगर आहेत आणि दुसरं काही नाही. हिरव्याला, तांबड्याला मी धक्का लावलेला नाही. जागेपणीही मला इतकं नेमकं जमलं नसतं.

मी उठत नाही. काय वाटतंय ते कळत नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पाय मात्र, खरं सांगते, गुडघ्याखाली गार आहेत.

फाटक वाजतं.

"कुमुदमावशी?"

याएल सव्वीस वर्षांची आहे. फोटोत बघितली होती त्याहून उंच, पाठीला सॅक, कपाळ घामानं भिजलेलं. नाक झिराडकरांचं. मराठी घरात ऐकून शिकलेली, तोलून तोलून बोलते. ती मला मिठी मारते. पाणी देऊ का, मी विचारते, तर नको म्हणते. सॅकही उतरवत नाही. तिची नजर टेबलावर गेलीय.

"हाच ना?"

"हाच."

ती दोन्ही हात पाठीमागे बांधून नकाशावर वाकते. हात लावायचा नाही, हे तिला कुणी शिकवलं ते मला विचारावं लागत नाही. वरून खाली तिचे डोळे फिरतात. मध्यावर येऊन थांबतात. ती आणखी वाकते.

"आमचा कुठे आहे? पिवळा?"

"तुला पिवळा कुणी सांगितला?"

"आजोबांनी. फोनवर. दर शनिवारी, शब्बाथ संपला की फोन करायचे." ती शब्द शोधते. "ते म्हणायचे, आपला तुकडा कोरा होता. चारशे वर्षं कुणी रंग दिला नाही. आता शेजारच्या कुमूनं दिलाय. या आठवड्यात तो लिंबासारखा आहे. मग पुढच्या शनिवारी सांगायचे, आता फुलासारखा आहे. फुलाचं नाव मला येत नाही."

"सोनचाफा."

"हो, सोनचाफा. मी म्हटलं, आजोबा, एकच रंग दर आठवड्याला कसा बदलतो? ते म्हणाले, मला दिसत नाही, तू जाऊन बघ. कुमूच्या हातून घे आणि नीट बघून मला सांग." ती पुन्हा नकाशाकडे बघते. मग माझ्याकडे. "मावशी, इथे तर काही नाही. ओलं आहे."

बसायला सांगावं, पाणी द्यावं, सगळं पहिल्यापासून सांगावं. वादळ, काच, टीपकागद, आजची दुपार. ते सगळं मी सांगणारच आहे, दिवे लागेपर्यंत. पण त्या क्षणी मला एकच करता येतं. मी उजवा हात पुढे करते, मूठ मिटून, अंगठा वर.

याएल आधी गोंधळते. मग माझा अंगठा दोन्ही तळव्यांत धरते आणि मला ओढत खिडकीपाशी नेते, जिथे अजून ऊन आहे. ती कितीतरी वेळ बघत राहते. पेराच्या रेघांत रंग जाड बसलाय, नखाच्या कडेला पातळ.

"लिंबू नाही," शेवटी ती म्हणते. "फूलपण नाही. थांब मावशी, हात धुऊ नकोस. मला अजून सांगता येत नाहीये."